नीव्हाचा भूतकाळ

"नीव्हा, हा फोन तूच घे बाई," रिसीव्हरवर तळहात दाबून पॅट म्हणाली. "डोंगरातला कुणीतरी आहे. आई वारली म्हणतोय. आणि ती सगळ्या खोऱ्याची 'होप' होती म्हणतोय. आशा होती म्हणजे काय? असं छापायचं?"

नीव्हानं आपल्या टंकलेखन यंत्रावरचा अर्धवट कागद तसाच ठेवला आणि रिसीव्हर कानाला लावला. डेटन शहरातल्या त्या वर्तमानपत्राच्या दुसऱ्या मजल्यावर छोट्या जाहिराती घेणाऱ्या पाच बायका बसत. जुन्या मोटारी, भाड्याच्या खोल्या, हरवलेली कुत्री आणि निधनाची निवेदनं, सगळं फोनवरून यायचं. केंटकीच्या डोंगरातून कारखान्यांत कामाला आलेल्या माणसांचा फोन आला की तो नीव्हाकडे सरकवायचा, हे कधी ठरलं ते कुणाला आठवत नव्हतं. त्या लोकांचं बोलणं मला कळतं, कान आहे माझा तसा, एवढंच ती सांगे. तो कान कुठून आला, हे कुणी विचारलं नव्हतं.

पलीकडचा माणूस लांबच्या गावाला ओरडून सांगावं तसा बोलत होता. आईचं नाव, वय, मुलं, दफन कुठं, सगळं त्यानं सावकाश सांगितलं. मग म्हणाला, खोऱ्यात कुणाकडे बाळंतपण असो की दुखणं, तिनं सगळ्यांना 'होप'.

नीव्हाला ते विचारावं लागलं नाही. ही आशा नव्हे. 'हेल्प' या क्रियापदाचं भूतकाळाचं ते जुनं रूप. तिकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडात ते अजून होतं. शहरात 'हेल्प्ड' म्हणत. तिची बोटं आपोआप 'हेल्प्ड' उमटवून मोकळी झाली. तिनं मजकूर वाचून दाखवला.

पलीकडचा आवाज आता खाली आला.

"म्या 'होप' म्हणालो व्हतो, बाईसाहेब."

"पेपरात 'हेल्प्ड' असं लिहितात."

"आसंल, आसंल. तुमास्नी जास्त ठावं."

तिनं फोन ठेवला. पॅटनं डोळ्यांनीच विचारलं. मदत केली असं म्हणायचं होतं त्याला, असं नीव्हानं सांगितल्यावर पॅट हसली, कुठून शोधून काढतात ही माणसं असले शब्द म्हणाली. नीव्हाही हसली. हे हसणं आता तिला जड जात नसे.

ती इथं आली तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. अठरा वर्षांची पोर, थोरल्या भावाबरोबर बसनं आलेली, हातात पुठ्ठ्याची पेटी. डोंगरातली माणसं अनवाणीच फिरतात अशी इकडं थट्टा चाले; कारखान्यात तिला पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं, आज बूट घालून आलीस का गं? तिला कळलं की आपण तोंड उघडलं की लोकांना आपले पाय दिसतात. रात्रीच्या टंकलेखनाच्या वर्गाला तिनं नाव घातलं. तिथल्या बाई बोटांबरोबर जिभेलाही वळण लावत. शब्द बदलणं फार अवघड गेलं नाही. इकडं बादलीला काय म्हणतात, पिशवीला काय म्हणतात, हे एकदा कळलं की कळलं. क्रियापदांनी मात्र तिला छळलं. घरी सगळे जण चढलो या अर्थी 'क्लम' म्हणत, शहरात 'क्लाइम्ब्ड' म्हणत. ठाऊक होतं म्हणायला घरी 'नोड', इथं 'न्यू'. पकडलं म्हणायला घरी 'केच्ड', इथं 'कॉट'. घरच्या प्रत्येक रूपाला इथं दुसरं रूप होतं आणि दर वेळी जिभेच्या टोकावर दोन्ही येऊन उभी राहत. ती क्षणभर थांबे, त्यांतलं एक उचले. निवड चुकत नसे, पण तो क्षण जाई.

आणि भूतकाळ लागतो कशाला? आठवण सांगायला. चालू दिवसाचं बोलणं सोपं होतं. दूध संपलं आहे, बस येते आहे, उद्या सुट्टी आहे. घरच्या ओढ्याचं, वडिलांच्या खेचराचं, बर्फातल्या शाळेचं काही सांगायला गेलं की वाक्यावाक्याला थांबावं लागे. थांबत थांबत सांगितलेली गोष्ट कोण ऐकणार? हळूहळू तिनं सांगणंच सोडलं. वॉल्टरशी लग्न झालं. तो इथलाच, जर्मन वळणाच्या नीटनेटक्या घरातला, भला माणूस. लग्नाआधी त्यानं तिला लहानपणाबद्दल विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, विशेष काही नाही, डोंगर होते. त्याला वाटलं, मुलीचं बोलणं कमी आहे. मुलगी लिनेट झाली, मग मुलगा डेल झाला. दोघांनाही आईचं लहानपण म्हणजे डोंगर होते, एवढंच माहीत होतं.

कचेरीत पलीकडच्या टेबलावर मुद्रितं तपासणारी माणसं बसत. दिव्याच्या बातमीत 'लिट' घालायचं की 'लायटेड', पोहणाऱ्यानं सूर मारला तर 'डाइव्ह्ड' की 'डोव्ह', यावर त्यांचा अर्धा अर्धा तास चाले. शब्दकोश आणला जाई. दोन्ही बरोबर निघत, मग सगळे हसत आणि कॉफी आणायला उठत. नीव्हा आपल्या जागेवरून ऐके. या लोकांना एका क्रियापदाची दोन रूपं ठेवायची मुभा होती. एकदा दुपारी टेबल रिकामं असताना तिनं तो जाडजूड कोश उघडून पाहिला. 'क्लाइम्ब'पाशी अगदी बारीक अक्षरात 'क्लम'ही होतं. पुढं लिहिलं होतं, जुने, ग्रामीण. तिनं कोश मिटला आणि होता तसा ठेवला.

त्या हिवाळ्यात तिची आई, आर्मिंटा, अंगणातल्या बर्फावरून घसरली आणि तिचं मनगट मोडलं. एकट्या म्हातारीला चुलीला लाकडं घालता येईनात. वॉल्टर स्वतः मोटार घेऊन गेला आणि तिला घेऊन आला. आईनं येताना दोऱ्यात ओवून वाळवलेल्या घेवड्याच्या शेंगांची माळ आणली होती आणि ज्वारीच्या धाटांच्या काकवीची बरणी. मुलं तिला तिकडच्या रीतीनं 'मॅमॉ' म्हणू लागली. ते तिनंच शिकवलं.

पहिल्याच आठवड्यात नीव्हाचं घर बदललं. संध्याकाळी जेवणं झाली की आई स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसे, प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवी, आणि मुलं तिच्या पायांशी. मग पूर यायचा. आई दहा वर्षांची असताना ओढा रातोरात घरात शिरला होता. तिचे वडील लाकूडतोडीच्या छावणीत, तिची आई माळ्यावर अडकलेली, आणि ही पोर तान्ह्या भावाला, होबर्टला, एप्रनमध्ये पाठीशी बांधून 'क्लम' गेली उंबराएवढ्या जाड झाडावर. पहाट होईतो वर बसली. खालून काय काय वाहत गेलं! कुणाचं तरी दार वाहत आलं, त्या दारावर एक कोंबडी बसलेली, आणि ती कोंबडी, आई शपथेवर सांगे, अंडं घालून ओरडत होती. डेल जमिनीवर लोळून हसे. लिनेट म्हणे, पुन्हा, मॅमॉ, दारापासून पुन्हा.

नीव्हा इस्त्री करता करता ऐके. ही गोष्ट तिनं लहानपणी किती वेळा ऐकली असेल. आई कुठंही थांबत नव्हती. तिची क्रियापदं ओढ्यातल्या पाण्यासारखी एकामागून एक येत होती, आणि नीव्हाच्या हातातली इस्त्री कधी कधी शर्टावर तशीच उभी राही. वॉल्टरही पेपर घेऊन स्वयंपाकघरातच बसू लागला. पान मात्र उलटत नसे.

मग एका रविवारी ती सगळी वॉल्टरच्या आईकडे जेवायला गेली. मनगट ठणकत होतं म्हणून आर्मिंटा घरीच थांबली. लिनेटनं भर टेबलावर पुराची गोष्ट सुरू केली, आणि आजीच्या तोंडून आली होती तशीच सांगितली. वॉल्टरच्या आईनं काटा बशीच्या कडेला ठेवला. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, आपल्या घरात असं बोलत नाहीत, लिनेट. त्यांचा रोख लिनेटकडे होता. पण बोलून झाल्यावर त्यांनी पाहिलं ते नीव्हाकडे, आणि तेही दयेनं. वीस वर्षं मेहनत करून बांधलेलं काहीतरी एका घासासरशी खाली आलं असं नीव्हाला वाटलं.

घरी आल्यावर मुलं झोपायला गेली. आई स्वयंपाकघरात एका हातानं शेंगांचे दोरे सोडवत बसली होती.

"आई, एक सांगू? रागावू नकोस."

"सांग की."

"मुलांना गोष्टी सांगतेस ना, तेव्हा 'क्लम' म्हणू नकोस. 'क्लाइम्ब्ड' म्हण. आणि 'होप' नको. 'हेल्प्ड'."

आईचा हात थांबला. तिनं लेकीकडं पाहिलं, मग दिव्याकडं.

"आन् कंचं कंचं?"

दुकानातून काय काय आणायचं ते विचारावं तसं तिनं विचारलं. नीव्हानं सांगितलं. 'नोड' नाही, 'न्यू'. 'केच्ड' नाही, 'कॉट'. आई प्रत्येक शब्द तिच्या मागून म्हणत गेली. "बरं," शेवटी म्हणाली, "ध्यानात ठीवते. पोरांचं नुसकान नगं व्हायला." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं नीव्हाला नंतर अनेकदा वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलं जमली. आईनं पूर सुरू केला. पाणी दारात आलं, होबर्टला पाठीशी बांधला, ती झाडाशी आली, आणि थांबली. तिनं मान वळवून इस्त्रीच्या टेबलाकडं पाहिलं.

"क्लाइम्ब्ड," नीव्हा हळूच म्हणाली.

आई म्हणाली, "क्लाइम्ब्ड." एक वाक्य पुढं गेली. पुन्हा थांबली. आता तिनं नीव्हाकडं पाहिलं नाही. ओठ नुसते हलले, दोन शब्द तोंडात घोळवून पाहिल्यासारखे. नीव्हाला तो क्षण ओळखीचा होता. वीस वर्षं ती त्यातच राहत होती.

"मग काय झालं, मॅमॉ?" लिनेटनं विचारलं.

"मग..." आई म्हणाली, "मग पानी उतारलं, आन् आमी घरी आलो."

डेल म्हणाला, असं नाहीये ते, दार राहिलं, कोंबडी राहिली. आई हसली आणि त्याच्या केसांतून हात फिरवून म्हणाली, म्हातारीला काय आठवतंय आता. नंतर मुलांनी दोन-तीन दिवस लकडा लावला, मग तीही कंटाळली. स्वयंपाकघरात रेडिओ लागू लागला. आईला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मिळत. भूक आहे, हात दुखत नाही, गार आहे बाहेर. सगळं चालू काळातलं. वॉल्टरनं एका रात्री विचारलं, तुझ्या आईला बरं वाटत नाहीये का? नीव्हा म्हणाली, घरची आठवण येत असेल. तिनं काय केलं होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं, पण ते मागं कसं घ्यायचं हे कळत नव्हतं. आता पुन्हा 'क्लम' म्हण, असं कुणी कुणाला सांगतं का?

मार्चमध्ये प्लास्टर निघालं आणि आई जायला निघाली. बसच्या स्थानकावर नीव्हानं तिच्या कोटाची बटणं लावली. आईनं इकडं तिकडं पाहिलं, गर्दी होती. मग तिनं लेकीचा हात धरला आणि एकेक शब्द बघून ठेवत, परक्या घरी चिनीमातीचा कप खाली ठेवावा तसा, म्हणाली की तू मला फार 'हेल्प्ड'. बरोबर म्हणाली. नीव्हानं मान हलवली. बस गेल्यावर ती स्थानकाच्या बाकावर बसून राहिली. कचेरीत उशिरा पोहोचली, आणि पॅटनं विचारलं तेव्हा बस उशिरा सुटली म्हणाली.

त्यानंतर तीन वर्षांनी होबर्टमामाचा निरोप आला. आई झोपेतच गेली होती.

निवेदन नीव्हानं स्वतःच घेतलं. यंत्रात कागद घातला, नाव घातलं, वय, मुलं, नातवंडं. तिच्या आईबद्दल एक वाक्य घालायला हवं होतं, आणि ते कुठलं हेही तिला माहीत होतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना तिनं, इथवर बोटं आली. पुढं 'हेल्प्ड' लिहिलं असतं तर ती बाई आपली आई वाटली नसती. 'होप' लिहिलं असतं तर पॅटनंच येऊन विचारलं असतं, ही आशा कसली? तिनं ते वाक्य खोडलं. निवेदन चार ओळींत संपलं आणि त्यात आर्मिंटानं आयुष्यात काही केल्याचं लिहिलेलं नव्हतं.

सगळी मोटारीनं गेली. लिनेट आता चौदा वर्षांची होती. सारा रस्ता ती खिडकीबाहेर बघत होती. दफन घराच्या मागच्या टेकाडावर झालं. मग खाली ओसरीवर माणसं बसली, घरात बायकांनी जेवण मांडलं. मक्याची भाकरी, घेवडा, डुकराचं खारवलेलं मांस, ताक. नीव्हा उठून कामाला लागली, तर एका चुलतबहिणीनं तिच्या हातातली परात काढून घेतली. तू बस, लांबून आलीस. तिला ओसरीवरची गादीची खुर्ची दिली. बाकी सगळे बाकावर, पायऱ्यांवर, उलट्या टोपल्यांवर बसले होते.

जेवणानंतर आर्मिंटाच्या गोष्टी निघाल्या. ऊन अजून समोरच्या डोंगरावर होतं. होबर्टमामा आता साठीचा, खाणीतल्या धुळीनं छाती भरलेला, पण गोष्ट सांगायला बसला की दम कुठून तरी येई. तो नीव्हाच्या शेजारीच होता.

"तू गेलीस ना उत्तरेला," तो तिला म्हणाला, "त्या साली आर्मिंटा दर शनवारी त्या वरच्या खिंडीत..." आणि थांबला.

त्यानं नीव्हाच्या टोपीकडं पाहिलं, हातमोज्यांकडं पाहिलं. घसा साफ केला.

"'क्लाइम्ब्ड'," तो म्हणाला. सावकाश, नीट. "वर जायची. मला ठाव... मी 'न्यू'. कशापायी जाती, ते."

पायरीवर बसलेल्या एका म्हातारीनं त्याला दुजोरा द्यायला तोंड उघडलं, मग तिनंही नीव्हाकडं पाहिलं आणि आपलं वाक्य मनातल्या मनात एकदा फिरवून घेतलं. ते बाहेर आलं तेव्हा शाळेतल्या मुलानं फळ्यासमोर म्हणावं तसं होतं. कुणी हसलं नाही. सगळे मोठ्या अदबीनं बोलत होते. दोन वाक्यं झाली की कुणीतरी हवेबद्दल काही म्हणे. मामानं पुन्हा सुरुवात केली, आर्मिंटा खिंडीत जायची इथवर आला, आणि पुढच्या क्रियापदाशी अडला. कपाळावर घाम आला त्याच्या. बहिणीला पुरून आलेला माणूस, आणि तो पाहुणीसाठी शब्द निवडत होता.

नीव्हाला ते कळायला वेळ लागला नाही. तिला म्हणावंसं वाटलं, मामा, तुमचं तुम्ही बोला हो. पण ते ती म्हणाली असती तर तिच्याच शहरी सुरात म्हणाली असती, आणि त्यांना आणखी संकोच झाला असता. एकदा तिनं मनातल्या मनात 'क्लम' म्हणून पाहिलं. शब्द होता. पण तो तोंडापर्यंत आणायचा म्हणजे पुन्हा निवडणंच झालं असतं, आणि निवडून म्हटलेला 'क्लम' या माणसांना लगेच ओळखू आला असता.

ती उठली. थोडं आडवं व्हावंसं वाटतंय म्हणाली. मामा धडपडत उठून उभा राहिला, तिच्यासाठी जाळीचं दार धरलं. लिनेटही उठू लागली, तेव्हा नीव्हानं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"तू बस गं. ऐक."

आत आईच्या खोलीत पलंग तसाच होता, गोधडी नीट घातलेली. ओसरीच्या बाजूची भिंत नुसत्या फळ्यांची होती. नीव्हानं टोपी काढली, हातमोजे काढले, ते टोपीत ठेवले आणि ती भिंतीला टेकून बसली. बाहेर कुणाची तरी टोपली करकरली, कुणीतरी तंबाखू थुंकला. एक म्हातारी काहीतरी पुटपुटली आणि हलकंसं हसू पसरलं, पहिल्यांदाच.

"खिंडीत कशाला जायची मॅमॉ?" लिनेटचा आवाज आला.

"अगं, तिथनं सडक दिसती," मामा म्हणाला. "उत्तरेकडनं येनाऱ्या बशीची सडक." आता तो थांबत नव्हता. दर शनवारी ती 'क्लम', बर्फात 'क्लम', ताप असताना 'क्लम', आणि हा मागनं जाऊन तिला हाताला धरून खाली आणायला 'होप'. बशीतनं कुणी उतरायचं न्हाई, आन् आर्मिंटा म्हणायची, फुडच्या शनवारी. सगळे एकदम बोलायला लागले होते. कुणी म्हणत होतं आपण तिला तिथं पाहिलं होतं, कुणी म्हणत होतं शनिवार नव्हे, शुक्रवार. त्या गलक्यात लिनेटनं काहीतरी विचारलं. तिच्यासाठी कुणी शब्द नीट केले नाहीत.

नीव्हा भिंतीशी आणखी सरकली. फळीच्या फटीतून उन्हाची एक बारीक रेघ तिच्या मांडीवर आली होती. तिनं डोळे मिटले.

"थांबा, थांबा, समदे गप ऱ्हावा," बाहेर मामा म्हणाला. "पोरीला पयल्यापासनं सांगतो." आणि त्यानं गोष्ट पहिल्यापासून सुरू केली.